पडद्यावरचा रंग आणि ट्रंकेतला शालू

रंगांची नावे आपल्या घरांतल्या बायका ज्या काटेकोरपणे वापरतात, तो काटेकोरपणा आम्ही गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी स्वरांच्या बाबतीत पाळला तर पुष्कळ मैफली सुधारतील. डाळिंबी ती डाळिंबी. तिला अंजिरी म्हटलेले चालत नाही. आमसुली आणि वांगी यांत अंतर थोडे, पण ते ओलांडता येत नाही. गुलबक्षी मागितल्यावर दुकानदाराने राणी रंग पुढे केला, तर गादीवर उलगडलेला सगळा ढीग तसाच टाकून उठणाऱ्या मावश्या-आत्या इंदुरात आणि देवासात आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

म्हणूनच नवल वाटते ते असे, की याच चोखंदळ घरांत संगणकाचा पडदा आल्यापासून त्याने दाखविलेला रंग मुकाट्याने खरा मानला जातो. लग्नाची माहेश्वरी पडद्यावर पाहून मागवायची आणि घरी आल्यावर ती निराळीच निघाली म्हणजे विणकराला दोष द्यायचा. आपल्या इंदुरात जन्मलेल्या आणि देवळालीकरांच्या हाताखाली शिकलेल्या बेंद्र्यांची चित्रे पडद्यावर पाहून त्यांच्या रंगांविषयी मत द्यायचे. आणि सर्वांत जोखमीचे काम म्हणजे आजी-आजोबांचे विटलेले फोटो त्याच पडद्याच्या भरवशावर ‘दुरुस्त’ करून मूळ प्रती वाटून किंवा टाकून द्यायच्या. पडदा स्वतः सुरात आहे की नाही, हे मात्र कोणी पाहत नाही.

सुराची उपमा मी धंद्याच्या सवयीने वापरतो असे कोणी म्हणेल. पण इथे ती नेमकी बसते. संगणकात साठवलेल्या फोटोत रंग नसतो, आकडे असतात. तांबडा, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश. प्रत्येकाच्या शून्यापासून २५५ पर्यंत २५६ पायऱ्या. त्यांच्या मेळातून होणारे रंग एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर. तांबडा इतका, हिरवा इतका, निळा इतका, असे लिहिले म्हणजे ती झाली स्वरलिपी. वहीत ‘सा रे ग’ लिहिलेले असते खरे, पण कोणत्या पट्टीतला ‘सा’ हे ठरल्यावाचून त्यातून गाणे निघत नाही. तेच आकडे एका पडद्यावर डाळिंबी दिसतात, दुसऱ्यावर अंजिरी, आणि तिसऱ्यावर सरळ विटेसारखे.

रंगांतला षड्ज म्हणजे पांढरा. निसर्गात ठाम असा पांढरा नाही, जसा ठाम षड्जही नाही. पण एकत्र वाजवणाऱ्यांना तो ठरवून घ्यावा लागतो. रंग आकड्यांत मांडण्याची आज चालू असलेली पद्धत १९३१ साली प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने मान्य केली. तिचा पाया म्हणजे ब्रिटनमध्ये राइट आणि गिल्ड या दोघा संशोधकांनी स्वतंत्रपणे केलेले प्रयोग. दोघांचे मिळून नजर देणारे लोक होते अवघे १७! त्या सतरा जणांच्या डोळ्यांनी आज सारे जग रंग मोजते. पुढे १९९६ साली ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट या दोन कंपन्यांनी घरगुती पडद्यांसाठी ‘एसआरजीबी’ नावाचा ठराव मांडला. त्यात पांढऱ्याची पट्टी साधारण ६५०० केल्विन धरली आहे, म्हणजे ढगाळ दुपारच्या उजेडाच्या जवळपास. दुकानातून येणारा नवा पडदा पुष्कळदा याहून बराच निळसर असतो. निळसर पांढरा दुकानाच्या झगमगाटात अधिक उजळ वाटतो, आणि गिऱ्हाईक उजळ वस्तूकडे वळते.

पडदा जुळवण्याचे काम तीन ठिकाणी होते. हे तिन्ही वेगळे आहेत हे ध्यानात न आल्यानेच निम्मे घोटाळे होतात. तंबोऱ्याला खुंटी असते आणि मणका असतो. पडद्याच्या अंगावर जी बटणे असतात, उजेडाची आणि तिन्ही प्रकाशांच्या कमीअधिकपणाची, ती खुंटी. मोठा फरक तिथेच काढायचा. त्यानंतर जे बारीक उरते ते संगणकाच्या आत, चित्र पडद्याकडे पाठवणाऱ्या ग्राफिक्स कार्डात, एका कोष्टकाने सरळ केले जाते. हा मणका. आणि तिसरी गोष्ट ‘प्रोफाइल’. ते जुळवणे नव्हेच. ती एक चिठ्ठी आहे; ‘हा तंबोरा अमुक ठिकाणी इतका चढा बोलतो’ असे लिहून ठेवलेली. जो कार्यक्रम ही चिठ्ठी वाचतो तो चित्र दाखवताना तेवढी दुरुस्ती करून घेतो. जो वाचत नाही तो तसाच गातो. एकच फोटो एका खिडकीत एक दिसतो आणि शेजारच्या खिडकीत दुसरा, याचे कारण बहुधा हेच असते. लोक मात्र पडदा बिघडला म्हणून मेकॅनिकला बोलावतात.

आता महूची हकीकत सांगतो. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांच्या मुलखात वसलेली ही छावणी. २००३ पासून तिचे नाव डॉ. आंबेडकर नगर आहे. लष्कराचे दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय याच गावात असल्यामुळे की काय, तिथल्या जुन्या मराठी घरांत यंत्राची भीती मला इंदुरापेक्षा कमी दिसते. अशाच एका घरी मी आठवड्यातून एकदा शिकवणीला जातो. शिष्य कॉलेजात शिकणारा. पेटीवर बोटे जड, पण संगणकावर हलकी. त्याने सुट्टीत घरचा अल्बम संगणकात उतरवायला घेतला. त्यात त्याच्या आजीच्या लग्नाचे, १९७४ सालचे, रंगीत फोटो होते आणि सगळे तांबूस झालेले.

ते तांबूस का होतात हे सांगण्याजोगे आहे. रंगीत फोटोच्या कागदावर तीन रंगांचे थर असतात: एक निळाईकडे झुकणारा हिरवट, एक जांभळट लाल आणि एक पिवळा. त्या काळच्या कागदांवर, फोटो अल्बमात मिटून अंधारात ठेवला तरी, पहिला थर बाकीच्यांच्या आधी विटतो आणि उरलेल्या दोघांचे राज्य होते. भिंतीवर उजेडात टांगलेला फोटो निराळ्या वाटेने विटतो. म्हणून एकाच लग्नाचे दोन फोटो, एक पेटीतला आणि एक बैठकीतला, पन्नास वर्षांनी एकमेकांशी जुळत नाहीत.

मुलाने रात्री बसून रंग सुधारले. आता विंडोजमध्ये ‘नाइट लाइट’ नावाची एक सोय असते; संध्याकाळनंतर डोळ्यांना त्रास नको म्हणून ती पडदा आपोआप पिवळसर करते. ती चालू होती. पिवळ्या पडद्यावर जे चित्र मनासारखे होईपर्यंत निळे करत नेले, ते सकाळी सर्वांच्या पडद्यांवर निळे दिसणारच. डाळिंबी शालू वांगी झाला, आजीचा चेहरा आजारी माणसासारखा झाला. आणि दुःखाची गोष्ट ही की पहिले तीस फोटो त्याने मूळ प्रतीवरच साठवून टाकले होते, त्यांपैकी अकरांचे कागदी फोटो आजीने दरम्यान नातेवाइकांना वाटून टाकले होते. ‘आता सगळे कॉम्प्युटरात आहे ना,’ असे म्हणून.

आजी मला म्हणाल्या, “मास्तर, हा म्हणतो की शालू असाच होता, मीच विसरले. बोहल्यावर मी उभी होते की हा?”

चूक कळल्यावर पोराने काम नेटाने केले, हे सांगितले पाहिजे. पुण्याच्या मामाकडून रंग मोजण्याचे यंत्र मागवले. लिंबाएवढी वस्तू, पडद्यावर टेकवून ठेवली की सॉफ्टवेअर एकामागून एक रंगाचे चौकोन दाखवते आणि यंत्र ते मोजते. सॉफ्टवेअर घेतले ‘डिस्प्लेकॅल’. फ्लोरियान ह्योख यांनी रचलेले, ग्रॅम गिल यांच्या ‘आर्गिल’ या मोजणीच्या कार्यक्रमावर उभारलेले, दोन्ही फुकट मिळणारे. मूळ कर्त्याने त्याचे काम थांबवल्यावर इतरांनी ते पायथनच्या नव्या आवृत्तीवर आणून चालू ठेवले आहे. असे निरलस लोक संगीतात थोडे अधिक असते तर बरे झाले असते.

तर, मोजणी झाली, पडदा सुरेख जुळला. संगणक बंद करून पुन्हा लावला, तर काय? दोन-चार सेकंद रंग बरोबर, आणि मग डोळ्यांदेखत पडदा पुन्हा पहिल्यावर. पाच वेळा मोजणी केली, पाचही वेळा हेच. कधी झोपवलेला संगणक जागा केला की रंग गेलेले. मुलगा म्हणाला, “सर, यंत्र खराब आहे.”

मला त्यातले यंत्र कळत नाही, पण जुळवलेला तंबोरा कोणी पुन्हा फिरवला की कळते. यंत्र पाच वेळा तेच आकडे देत होते. म्हणजे यंत्र खराब नव्हते. खुंटीवर दुसरा हात होता. आम्ही तो शोधायला बसलो आणि एक नव्हे, तीन हात सापडले.

पहिला अर्थात नाइट लाइट. तो रात्री येतो आणि सकाळी जातो, म्हणून दिवसा शोधणाऱ्याला सापडत नाही. दुसरा पडद्याच्या स्वतःच्या पोटात होता: दृश्य काळोखे असले की उजेड आपणहून कमी करणारी ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ नावाची हुशारी. ही चालू असताना मोजणी करणे म्हणजे साथीदार पट्टी बदलत असताना तंबोरा मिळवण्यासारखे आहे. पडद्याच्या यादीत ‘डोळ्यांची काळजी’, ‘सिनेमा’, ‘खेळ’ असली जी नावे असतात ती सारी बंद करून साधी किंवा स्वतः ठरवलेली पट्टी घ्यावी, आणि मगच यंत्र टेकवावे.

तिसरा हात खरा गुन्हेगार होता. मघाशी ज्या मणक्याविषयी बोललो, ते ग्राफिक्स कार्डातले कोष्टक संगणक बंद झाला, झोपला, कधी नुसता कुलूपबंद झाला तरी पुसले जाऊ शकते. म्हणून प्रत्येक वेळी ते परत भरणारा एक चाकर लागतो. इथे चाकर दोन होते. डिस्प्लेकॅलचा चाकर संगणक सुरू होताच कोष्टक भरी. आणि ग्राफिक्स कार्डाबरोबर आलेला, कोणी कधी उघडूनही न पाहिलेला कार्यक्रम काही सेकंदांनी जागा होऊन आपले कोष्टक त्यावर ओती. दोघे प्रामाणिकपणे आपापले काम करीत होते. काही घरांत असे दोघे अखंड भांडतात आणि पडदा दर काही सेकंदांनी लुकलुकतो. उपाय इतकाच की सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या कार्यक्रमांची यादी उघडून कार्डवाल्याची रंगदुरुस्ती बंद करायची आणि एकच चाकर ठेवायचा. वेगळे सॉफ्टवेअर नसेल तर विंडोजचा स्वतःचा चाकर असतो: ‘कलर मॅनेजमेंट’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड’, तिथून ‘चेंज सिस्टिम डिफॉल्ट्स’, पुन्हा ‘ॲडव्हान्स्ड’, आणि तिथे ‘यूज विंडोज डिस्प्ले कॅलिब्रेशन’ या चौकटीत खूण. जागा इतकी आत आहे की ती कोणाला सापडू नये अशीच योजना असावी असे मला वाटते.

याच्या उलट एक तक्रारही वारंवार कानी येते: काही केलेले नसताना एके दिवशी सगळे फोटो पिवळट दिसू लागले, बाकी पडदा ठीक. तिथे बहुधा विंडोजच्या अद्ययावतीकरणाबरोबर पडदा बनवणाऱ्याची सदोष चिठ्ठी, म्हणजे प्रोफाइल, आपोआप येऊन बसलेली असते. आणि फोटो दाखवणारा कार्यक्रम ती इमानाने वाचत असतो. त्याच कलर मॅनेजमेंटमध्ये ती काढून ‘एसआरजीबी’ची ठेवली की काम भागते. सॉफ्टवेअरला यंत्रच दिसत नसेल, तर कंपनीचा कार्यक्रम त्याला आधीच धरून बसला आहे का ते पाहावे. तो बंद केला की पुष्कळदा दिसू लागते. काही यंत्रांना ‘आर्गिल’चा स्वतःचा ड्रायव्हर लागतो. आणि पडद्यामागचा दिवा कोणत्या जातीचा हे सॉफ्टवेअर विचारते तेव्हा काहीतरी दाबून मोकळे होऊ नये. जात चुकली की सगळे आकडे बरोबर येऊनही पांढऱ्यात हिरवी किंवा गुलाबी झाक राहते. दूरदर्शन संच पडदा म्हणून जोडला असेल तर काळे करडे दिसणे किंवा काळ्यातले बारकावे बुडणे हा निराळा रोग: संगणक पाठवतो शून्य ते २५५, संच समजतो १६ ते २३५, किंवा उलट. तो जुळवणीने बरा होत नाही, दोघांना एकच मोजमाप सांगावे लागते.

ज्यांच्याकडे मोजयंत्र नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ‘कॅलिब्रेट डिस्प्ले कलर’ नावाची सोय प्रत्येक संगणकात आहे. ती डोळ्यांवर चालते. वर्तुळातले ठिपके दिसेनासे करायचे; काळ्या कोटातल्या माणसामागची फुली जेमतेम दिसावी इतका उजेड ठेवायचा; पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या बुडू द्यायच्या नाहीत; आणि करड्या पट्ट्यांत कोणताही रंग शिरू द्यायचा नाही. डोळा हा मोठा समजूतदार साथीदार आहे. पट्टी हळूहळू उतरली तर सगळे मंडळ जसे तिच्याबरोबर उतरते आणि कोणाला कळत नाही, तसा तो पडद्याच्या पांढऱ्याला काही मिनिटांत पांढरा मानू लागतो. म्हणून पडदा अर्धा तास तापू द्यावा, खिडकीचे ऊन त्यावर पडू देऊ नये, आणि मध्येच उठून दाराबाहेरच्या उजेडाला पाहून यावे. महूच्या त्या घरात पडद्यामागची भिंत पोपटी होती! मी ती पांढरी करायला सांगितले नाही. एक करडी चादर टांगली, भागले.

रंग एका ठिकाणी पाहायचा आणि दुसऱ्या ठिकाणी उतरायचा, ही अडचण संगणकाने आणलेली नव्हे. संस्थानी कोल्हापुरात जन्मलेल्या प्रभात कंपनीने १९३३ साली ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती जर्मनीत करून घेतल्या, शांतारामबापू त्यासाठी तिकडे गेले होते. आपल्या देशातला पहिला रंगीत बोलपट होण्याचा मान घरात येऊन उभा होता. रंग मनासारखे उतरले नाहीत, आणि पुढे १९३७ साली ‘किसान कन्या’ने तो मान नेला. छापखान्यात मात्र याला एक साधा उपाय होता. दलालांच्या हातच्या ‘दीपावली’च्या मुखपृष्ठांचा अंक ज्यांच्या घरी आहे त्यांनी तो काढून पाहावा. असल्या छपाईत नमुन्याची प्रत मूळ चित्राशेजारी धरून, दोन्ही एकाच उजेडात पाहण्याची रीत असते. मूळ चित्र नजरेसमोरून हलवायचे नाही, हीच त्यातली मुख्य गोष्ट.

आम्हीही तेच केले. जुळवलेला पडदा पाहून आजी आधी म्हणाल्या, “हे तर सगळे पिवळे झाले!” निळसर पांढऱ्याची सवय झालेल्या प्रत्येकाला तसे वाटते. चहा होईपर्यंत डोळा बसला. मग त्यांनी ट्रंक उघडून शालू काढला. पन्नास वर्षे मलमलीत गुंडाळलेला, पदर कधी उन्हात न गेलेला. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीशी तो एका खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ज्या फोटोंचे कागद घरात होते ते मुलाने नव्याने उतरवून घेतले. या खेपेस मूळ उतारा निराळ्या जागी हात न लावता ठेवून. एकोणीस फोटोंतला शालू डाळिंबी झाला. आजींनी पडद्याकडे आणि खुर्चीकडे आळीपाळीने पाहिले आणि मान हलवली.

काठ मात्र जुळला नाही. काठ मोरपंखी होता, आणि तो रंग त्या पडद्याच्या आवाक्यातच नव्हता. हिरव्या-निळ्याच्या मधले फार गडद रंग घरगुती पडद्याच्या तीन दिव्यांतून निघत नाहीत, मग तो कितीही जुळवा. काळी चारपर्यंतच्या गळ्याकडून काळी पाचचा तार षड्ज मागण्यासारखे ते आहे. आणि पदर धूपछाव होता: ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, हलवला की रंग बदलणारा. फोटोने त्यातला एकच क्षण धरलेला असतो. माहेश्वरी मागवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून, मोठ्या खरेदीआधी कापडाचा तुकडा टपालाने मागवून दिवसाच्या उजेडात पाहावा. चांगले विणकर तो पाठवतात.

वाटलेल्या अकरा फोटोंसाठी आजींनी पत्रे लिहिली, फोन केले. देवासच्या चुलतसासूबाईंकडून चार परत आले, एक उज्जैनहून. सहांचा पत्ता नाही. त्या सहांचे निळे उतारे संगणकात आहेत. शालू शेजारी ठेवून मुलगा त्यांतून डाळिंबी परत काढण्याचा प्रयत्न करतो आहे. शालूचा रंग बराचसा येतो, पण मग चेहऱ्यांचा बिघडतो, कारण साठवताना जे बारकावे पुसले गेले ते आकड्यांत उरलेलेच नाहीत. मागच्या आठवड्यात शिकवणी अर्धा तास उशिरा सुरू झाली. आजी पडद्यासमोर बसून त्याला सांगत होत्या की शेजारी उभ्या असलेल्या नणंदेची साडी श्रीखंडी होती, केतकी नव्हे.